तेवीस शर्ट आणि एका बाहीचा कोट

५ जून

मामा,

साष्टांग नमस्कार घातला असं धरून चाला. खरंच वाकलो तर डोक्यात रक्त उतरेल, आणि ते तिथे आधीच भरपूर जमलंय.

चार-शून्य. पहिल्याच सामन्यात. एकोणीस वर्षं तुम्ही या संघाचे कपडे शिवताय, शिलाई मशीन घेऊन त्यांच्याबरोबर देशोदेशी हिंडताय, एकदाही यांच्यापैकी कुणाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली नाही? अख्खी गल्ली बेकरीत जमली होती. बिस्किटांच्या बरण्यांवर फळी आणि फळीवर टीव्ही, तुम्हाला माहीतच आहे. आपला सात नंबर असा पळत होता जणू दोन्ही काखांत अंडी धरलीत. कप्तान चेंडू मागायला हात वर करायचा आणि लगेच खाली घ्यायचा, उत्तर येत नसताना चुकून हात वर केलेल्या पोरासारखा. कपड्यांबद्दल मी काही बोलत नाही. टीव्ही जुना आहे, त्यात माणसं आडवी दिसतात.

चौथा गोल झाला तेव्हा बेकरीवाल्या काकांनी हातातला पावाचा ट्रे खाली ठेवला, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "संघ एक सामना जिंकत नाही तोवर या घरात मुलीच्या लग्नाचा विषय निघणार नाही." हे माझ्याकडे बघून. मी पाव घ्यायला आलो होतो. रोज सात वेळा पाव घ्यायला जाणाऱ्या माणसाचं मन त्यांना कळतं, एवढं मी मान्य करतो. मग म्हणाले, "आणि ज्याला कॉलेज पुरं करता आलं नाही, त्याने तर सामना जिंकल्यावरही विषय काढू नये."

ती ओव्हनमागे उभी होती. हसली नाही. हसली नाही म्हणजे बरंच काहीतरी आहे, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

स्पर्धा संपली की पिठाच्या गिरणीवाल्यांकडे काका स्वतः बोलणी करायला जाणार आहेत. त्यांच्या मुलाने दोन पदव्या पुऱ्या केल्यात. दोन. एक मला दिली असती तर काय बिघडलं असतं?

मामा, मला एक विजय हवाय, दुसरं काही नको. तुम्ही आत आहात. काहीतरी करा.

दुकान ठीक. काकांचा कोट एका बाहीवर अडलाय. बटणं मिळत नाहीत.

तुमचा भाचा


८ जून

प्रिय भाच्या,

आशीर्वाद. पण थोडे हातचे राखून.

पत्र लिहितोय, कारण फोन नाही. पराभवानंतर प्रशिक्षक म्हणाले, फोनमुळे लक्ष जातं, सगळे फोन या बादलीत टाका. बादलीत पाणी होतं. आता सगळा संघ पत्रं लिहितो. टपालाची थैली रोजच्या विमानाने जाते.

आता नीट वाच. सामन्याआधी नवा शर्ट अंगाला लावायचा नाही, ही आपल्या संघाची जुनी रीत. तू जाणतोस. घड्या करून पेटीत, पेटी मैदानावर, आणि पहिल्यांदा घालायचा तो थेट राष्ट्रगीताच्या आधी. तसा पहिल्या सामन्याला घातला. गोलरक्षक सव्वासहा फूट. त्याचा शर्ट बेंबीच्या चार बोटं वर संपला, आणि रुंदीला त्याच्यात अजून एक गोलरक्षक मावला असता. कप्तानाने हात वर केला की पोट उघडं पडतं, आणि त्याची आई घरी टीव्हीसमोर बसलेली. थ्रो टाकायला दोन्ही हात वर केले की शर्ट गळ्याशी. म्हणून आपल्या संघाने नव्वद मिनिटांत एकही थ्रो टाकला नाही. दर वेळी समोरच्यांना म्हणायचे, "घ्या, तुम्हीच टाका."

मी प्रशिक्षकांकडे गेलो. तर महासंघाचे अध्यक्ष तिथे आधीच सांगत होते की ही नवी फॅशन आहे, ढगळ कपड्यात वारा भरतो आणि वेग येतो. अध्यक्षांनी असं म्हटल्यावर कोण बोलणार? आणि नियम असा की नोंदवलेला पोशाख स्पर्धा संपेपर्यंत बदलता येत नाही, उसवताही येत नाही.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात मापं तू घेतलीस, शर्ट तू बेतलेस, तू शिवलेस. मी पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी फक्त बोट फिरवून शिवण तपासली. शिवण उत्तम होती. हे मी तोंडावर सांगणार नव्हतो.

मापवही पाठव.

मामा

ता. क. बटणं डाव्या खणात आहेत. तिथेच असतात. तूच ठेवलीस.


११ जून

मामा,

म्हणजे आता माझ्यावर संशय. वा. आईला सांगू का, तुझा भाऊ काय म्हणतो ते?

तेवीसच्या तेवीस खेळाडूंना मी स्वतः टेप लावली. हवं तर त्यांना विचारा. टेप लागली की नाही, एवढंच विचारा. परदेशातलं पाणी लागून माणसं लांबली असतील तर त्याला मी काय करू?

आणि कालचं काय? तोही शर्टाचाच दोष? समोरच्याने उंच मारलेला चेंडू पाच नंबरने छातीवर घेतला आणि चेंडू नाहीसा झाला. बावीस माणसं चेंडू शोधतायत. पंच खिशात बघतोय. आणि आपला पाच नंबर, ज्याच्या शर्टात तो खालून शिरून बसलाय, चालत चालत आपल्याच गोलात गेला, का तर म्हणे हिरमुसलेल्या गोलरक्षकाच्या पाठीवर हात ठेवायला. वाकला. चेंडू पडला. गोल. जगात कुठल्या संघाने सांत्वन करताना गोल खाल्लाय?

तीन-शून्य. गल्लीत कुणी कुणाशी बोलत नाही. काका तर खुणेने पाव विकतात. एक बोट म्हणजे साधा, दोन म्हणजे गोड, मूठ म्हणजे संपला. मला कालपासून नुसती मूठ दाखवतात, मागे ढीगभर पाव रचलेला असतो तरी. तिने मात्र काका आत गेल्यावर एक बोट दाखवलं. मी घरी येऊन तासभर विचार केला की त्याचा अर्थ काय. तुम्ही अनुभवी आहात. एक बोट. काय असेल?

मापवही सापडत नाही. बहुतेक उंदराने नेली.

एक सामना राहिलाय, मामा.

भाचा


१४ जून

प्रिय भाच्या,

एक बोट म्हणजे साधा पाव. तिने पाव विचारला. तू घेतलास का? नसशील. बिचारी.

उंदीर मापवही कुरतडतो, नेत नाही. नेऊन तो काय शिवणार?

वहीशिवाय माझं अडत नाही हे तू विसरलास. आज सगळे तेवीस शर्ट हॉटेलातल्या पलंगावर पसरले आणि टेप लावली. छाती सेहेचाळीस, पोट अठ्ठेचाळीस, लांबी सव्वीस. सगळे. गोलरक्षकापासून तेवीस नंबरपर्यंत एकाच माणसाचे. मी खुर्ची ओढून बसलो आणि विचार केला, हा माणूस कोण? नीट पाहिलं तर प्रत्येक शर्टाचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली.

मी माणसं तोंडावरून ओळखत नाही, तुझ्या मामीला याचा फार राग येतो. मी खांद्यावरून ओळखतो. आणि हा खांदा मी पंचवीस वर्षं ओळखतो. तीस वर्षं डाव्या खांद्यावर पावाचे ट्रे वाहिलेला खांदा आहे तो.

भाच्या, तू देशाच्या संघाला तुझ्या सासऱ्याचे कपडे घातलेस. आणि तो अजून तुझा सासरा झालेलाही नाही.

हे प्रशिक्षकांना मी अजून सांगितलेलं नाही. तू मला सगळं सांग. मग बघू.

मामा


१६ जून

मामा,

सांगतो. पण मध्ये रागावायचं नाही. पत्रात तसंही येणार नाही म्हणा.

मापवही माझ्या उशीखाली आहे. कारण तिच्यातलं एक पान तिच्या हातचं आहे.

त्या दिवशी संघाची बस दारात उभी होती, आणि खेळाडू उतरायच्या आत काका आणि ती दुकानात आले. काकांना कोट हवा होता. मी टेप लावत आकडे सांगत होतो, ती वहीत लिहीत होती, लिहिताना मोठ्याने म्हणत होती. सेहेचाळीस. अठ्ठेचाळीस. मामा, अठ्ठेचाळीस हा आकडा तुम्ही तिच्या तोंडून ऐकायला हवा होता. मग मी सहज विचारलं, काका, कोट कशासाठी? काका म्हणाले, "गिरणीवाल्यांकडे जायचंय. मुलीचं बोलायला. बरा कोट हवा."

तिथून पुढचं मला काही ऐकू आलं नाही. ते गेले. खेळाडू एकामागून एक आत आले. मी टेप लावली, शपथेवर सांगतो, तेवीसही वेळा लावली. पण टेपेवरचा आकडा डोळ्यांना दिसायच्या आत तिचा आवाज कानात यायचा, आणि मी तोच लिहायचो. रात्रंदिवस शिवत बसलो, का तर हात थांबले की गिरणी दिसायची. कोट मात्र एका बाहीनंतर पुढे सरकेना. तुम्ही सरकवला असता का? मी स्वतःच्या हाताने त्यांना तिकडे जायचे कपडे शिवून द्यायचे?

आता पुढचं ऐका. पेपरात गोलरक्षकाच्या बेंबीचा फोटो छापून आला. महासंघाने चौकशी समिती नेमलीय. तीन सदस्य आणि एक हँगर. हँगरला पाच नंबरचा जादा शर्ट. तुमचं नाव एवढं मोठं की तुमच्या दुकानाचं माप चुकलं असेल हे कुणाच्या मनातही आलेलं नाही. त्यांचं म्हणणं, शत्रूच्या एका जाड हेराने खेळाडू म्हणून घुसून मापं दिली. म्हणून ते दुकानापासून सुरुवात करून घरोघर फिरतायत आणि प्रत्येक पुरुषाला शर्ट घालून बघतायत. काल आमच्याकडे आले. बाबांना बसला नाही, तर बाबांना वाईट वाटलं.

आणि त्यांना घरं कोण दाखवतंय? काका. पुन्हा बोलायला लागलेत, पण समितीच्या कामापुरतं. समितीला गरम बन देतात, हँगर स्वतः धरतात, आणि प्रत्येक दारात सांगतात, "ज्याला हा बसेल, त्याला मी माझ्या भट्टीत घालीन." सगळ्या गल्लीत त्यांनीच तेवढा घालून बघितलेला नाही. यजमानाला कोण सांगणार?

ती मला काल म्हणाली, "बाबांचा चेहरा आज किती दिवसांनी फुललाय." मी दोन पाव जास्त घेतले.

तिसरा सामना जिंका. जिंकलात तर समिती गुंडाळतील. काहीही करा, मामा. पाया पडतो. या वेळी खरोखर पडतोय.

भाचा


२१ जून

प्रिय भाच्या,

मी रागावलो नाही. तीन दिवस बोललो नाही, एवढंच. पत्रातसुद्धा.

तुझ्या उत्तराची वाट न बघता मी चौदालाच प्रशिक्षकांना अर्धं सांगितलं. की सगळे शर्ट एकाच मापाचे आहेत. त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं, रात्रभर वाचलं आणि सकाळी हसत आले. शर्ट बदलायचा नाही असा नियम आहे. खेळाडू बदलायचा नाही असा नाही.

त्या दिवसापासून सराव बंद. दिवसातून सहा जेवणं. बटाटे, लोणी, पाव, वर केक. उंची कमी करता येईना, म्हणून सगळ्यांनी गुडघे वाकवून चालायचं. आणि मी, मूर्ख, बोलून गेलो की डावा खांदाही अर्धा इंच पडलेला आहे, तर सगळ्यांच्या डाव्या खांद्यावर ट्रे दिले. पाच दिवस देशाचा संघ हॉटेलच्या गच्चीत ट्रे घेऊन, गुडघे वाकवून, गोल गोल चालत होता. कप्तान मला म्हणाला, "मामा, मला हल्ली पहाटे चारला आपोआप जाग येते आणि कुणाला तरी ओरडावंसं वाटतं." मी म्हटलं, होईल सवय.

आणि काल एक-शून्य हरलो. फक्त एक. आपली पोरं गोलासमोर ओळीने उभी राहिली तेव्हा समोरच्यांना फटच दिसेना. तो एक गोलही शिटी वाजल्यावर कुणी केक आणलाय असं वाटून दोघं बाजूला वळले म्हणून झाला. प्रशिक्षक रडले. या स्पर्धेतला हा आपला सर्वात मोठा पराक्रम आहे.

पण विजय नाही. तो मी तुला देऊ शकलो नाही.

चौकशी संपेपर्यंत मला हॉटेल सोडायची परवानगी नाही. मी लिहून देणार आहे की मापं मी घेतली आणि डोळ्यांनी दगा दिला. म्हातारा माणूस, झालं एखादं ऑपरेशन, लोक समजून घेतील. मला एकोणीस वर्षं झाली, तुला सहा महिने. तू गप्प राहा. एकच कर. हँगर बेकरीत पोचायच्या आत काकांना खरं सांग. त्यांना ते गल्लीसमोर कळता कामा नये. त्यांनी माझ्याकडे पंचवीस वर्षं कपडे शिवलेत.

मामा


२६ जून

मामा,

तुमचं पत्र काल आलं. समिती परवाच बेकरीत आली.

आता तुम्ही म्हणाल, पत्र येईपर्यंत वाट कशाला बघायची, स्वतःच्या डोक्याने चालायचं. तर तेच झालं, मी डोक्याने चाललो.

गल्लीतली सगळी घरं संपली होती. समितीचे प्रमुख बन खात म्हणाले, "म्हणजे हेर पळाला." तेवढ्यात दुसऱ्या सदस्यांनी यादी बघितली. ते फार व्यवस्थित गृहस्थ आहेत. म्हणाले, "एक पुरुष राहिलाय. आपले यजमान." सगळे हसले. काकाही हसले आणि म्हणाले, "नियम म्हणजे नियम. आणा." एप्रन काढला. हँगरवरून शर्ट घेतला.

मी रांगेत उभा होतो, त्या दिवशीच्या पाचव्या पावासाठी. तोंडातून निघून गेलं, "काका, थांबा. तो मी शिवलाय."

काका थांबले नाहीत. शर्ट घातला.

मामा, काय बसला होता. एक सुरकुती नाही. दोन्ही खांदे बरोबर. काकांनी ओव्हनच्या काचेत स्वतःकडे बघितलं, हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. बेंबी दिसली नाही. गल्लीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि माझ्या कॉलरला दहा टाचण्या होत्या, मी त्या हाताने धरून ठेवल्या.

मग मी सगळं सांगितलं. मापं मामांनी नाही, मी घेतली, हे आधी. मग बस, वही, गिरणी. ती आकडे कशी म्हणाली तेही सांगितलं, कारण त्याशिवाय तेवीस वेळा तीच चूक का झाली हे कुणाला कळलं नसतं. तिसरा सदस्य, समितीचा सेक्रेटरी, सगळं लिहून घेत होता. मध्येच थांबून त्याने विचारलं, "अठ्ठेचाळीस म्हणताना त्या हसल्या होत्या की नव्हत्या?" मी म्हटलं, किंचित. ओव्हनमागून ती म्हणाली, "हसले होते. लिहा." मी तिथेच भट्टीत उडी मारली असती, आनंदाने.

काकांनी अंगावरच्या शर्टाची शिवण बोटाने चाचपली. मग म्हणाले, "तेवीस?"

"तेवीस."

"सगळे पुरे केलेस?"

"हो."

"एकाचीही बाही राहिली नाही?"

"नाही."

"आणि माझा कोट?"

मी खाली बघितलं.

"तीन महिने झाले," काका म्हणाले. "देशाचं वाटोळं करायला तुला तेवीस बाह्यांच्या जोड्या सुचल्या, आणि माझ्या एका कोटाची एक बाही सुचली नाही. आधी कोट आण. मग तुला भट्टीत घालायचं की काय ते बघतो."

समिती तुम्हाला काही करणार नाही. त्यांचा निष्कर्ष मी ऐकून लिहितोय: शर्ट निर्दोष आहेत, शिवण उत्कृष्ट आहे, दोष खेळाडूंच्या निवडीत आहे. पुढच्या वेळी संघ शर्टावरून निवडायचा, असं त्यांनी एकमताने ठरवलं. काकांना चाचणीचं बोलावणं आलंय. काल सकाळी ते बेकरीला तीन फेऱ्या पळाले.

मी दुकानात आलो. कोट खाली घेतला. बटणं डाव्या खणात होती. मला माहीत होतं. रात्रभर समोर घेऊन बसलो. बाही लावली की ते गिरणीवाल्यांकडे जाणार, नाही लावली तर मी अर्धवट तो अर्धवटच. तिच्या पानावरचे आकडे पुन्हा वाचले, आणि पहाटे बाही लावली. डावा खांदा अर्धा इंच खाली घेतला. इतकी चांगली बाही मी आयुष्यात लावली नव्हती, आणि लावताना इतका रडलोही नव्हतो. अस्तराला डाग पडलाय, तो आतून आहे.

आज कोट देऊन आलो. काकांनी दोन्ही बाह्या मोजून घेतल्या. मला आत्ता इथून खिडकीतून दिसतंय, ते कोट चढवून बेकरीच्या पायरीवर उभे आहेत. गिरणी उजवीकडे आहे. आपलं दुकान डावीकडे.

उजवीकडे बघतायत.

मामा, ते डावीकडे वळले. बरोबर ती पण आहे. हातात पाव आहेत, बरेच. पत्र इथेच थांबवतो, मला टाचण्या काढायला हव्यात.


२९ जून

प्रिय भाच्या,

आशीर्वाद. या वेळी सगळे.

परवा सुटतोय. मशीन आधी पाठवलंय, पायरीवरून उचलताना चाक सांभाळ.

तुझं पत्र अर्धवट आहे. पण तुझी आई रोज तिकडून पत्र टाकते, त्यामुळे पुढचं कळलं. पाव तू खरोखर खाल्लेस हेही कळलं. अकरा. एवढे कुणी खातं का?

तिने लिहिलंय की बेकरीवाले कोट घालून दोन तास बसले, पण डावीकडे जरा ओढल्यासारखं होतंय म्हणून तक्रार करत होते. तू घाबरलास आणि म्हणालास की माप चुकलं असेल. माप चुकलेलं नाही. त्यांना पुन्हा दुकानात बोलाव, टेप लाव, आणि या वेळी टेपेकडे बघ. डाव्या खांद्याला अर्धा इंच सोडावा लागेल. त्यांच्या लग्नातला कोट मी शिवला तेव्हाही सोडावा लागला होता. मनासारखं झालं की त्यांचा तो खांदा वर येतो.

मामा